गिअर खटकतोय? आधी तेलाचा डबा बघा

मैत्रिणींनो, लोणच्याच्या तेलापासून शिवणयंत्राच्या तेलापर्यंत आपण या पानावर पुष्कळ तेलांची चर्चा केली. आजचं तेल मात्र मोटारसायकलच्या गिअरचं आहे. "हे काय बाई नवीनच!" म्हणून पान उलटू नका. गाडी 'ह्यांची' असली तरी मागच्या सीटवर कोण बसतं? आणि गॅरेजचं बिल महिनाअखेरीला कोणाच्या वहीत चढतं?

गेल्या फेब्रुवारीत भाचीच्या बारशाला आम्ही दोघं कऱ्हाडहून चिपळूणला निघालो. चिपळूण माझं माहेर. लेकीची परीक्षा जवळ आली होती म्हणून ती सासूबाईंपाशी राहिली. मग दोघांसाठी एस.टी. कशाला, गाडीवरच जाऊ, असा बेत ह्यांनी ठरवला. आमची गाडी म्हणजे २०१५ सालची क्लासिक बुलेट, साडेतीनशेची. कोयनानगरला चहा घेतला आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो. एका वळणाच्या जरा आधी ह्यांनी तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला. पायाशी 'खट्' असा आवाज झाला आणि गाडी एकदम हलकी झाली. इंजिन नुसतं गुणगुणतंय आणि गाडी आपली उतारावर सुटलेली! समोरून भरलेला मालट्रक चढत होता. ह्यांनी दोन्ही ब्रेक दाबले, पुन्हा पाय मारला, तेव्हा कुठे गिअर बसला नि गाडी आवरली. सगळं मिळून तीन-चार सेकंद झाले असतील. मी त्यांचं जाकीट दोन्ही मुठींनी धरलं होतं, ते पोफळी येईपर्यंत सोडलं नाही.

"अहो, काय झालं?"

"काही नाही गं. गिअर मधेच राहिला."

"आधी कधी झालं होतं असं?"

यावर उत्तर नाही. मी काय ते समजले.

परतीला घाट चढताना दुसरीच तऱ्हा. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडायचं, पण गाडी त्या मानानं पुढे सरकेना. माझ्या मांडीवर आईनं दिलेली फणसपोळीची पिशवी होती. तिच्या वजनानं एवढी बुलेट दमली असेल हे काही मला पटलं नाही.

घरी आल्यावर मी वही काढली. गिअरची कुरकुर दिवाळीनंतर सुरू झाली असं ह्यांनी कबूल केलं, पण दिवाळीनंतर गॅरेजचं बिल काही वहीत दिसेना. "तेल बदललं होतं की," हे म्हणाले, "पण ते फुकटात झालं." ह्यांच्या मित्रानं मोटार विकली होती. तिच्यासाठी आणलेला तेलाचा सीलबंद डबा त्याच्याकडे पडून होता. उंची, पूर्ण सिंथेटिक, ५ डब्ल्यू ३० का काहीतरी. "महागाचं आहे, गाडी लोण्यासारखी चालेल," असं म्हणून मित्रानं तो दिला आणि ह्यांनी रविवारी अंगणात बसून तो ओतला.

फुकट साडी आली तर ब्लाऊजपीस आहे का ते आपण बघतो. तेलाचं मात्र कोणी काही बघितलं नाही.

मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. यंत्राशी माझा संबंध मिक्सरपुरता. पण त्या तीन-चार सेकंदांनी मला गप्प बसू दिलं नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, गॅरेजमधल्या मिस्त्रींना विचारलं, गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढून वाचली. आठ वर्षांत ती बहुधा पहिल्यांदाच उघडली गेली! त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते.

मोटारीत इंजिनाचं तेल वेगळं असतं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. क्लच बहुतेक मोटारींत कोरडाच असतो, त्याला तेल लागत नाही. मोटारसायकलीत मात्र बहुधा एकाच तेलावर तिघांचा संसार चालतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच. आमच्या बुलेटचंही तसंच. म्हणजे एकाच कढईतल्या तेलात आधी शंकरपाळे, मग चकल्या, मग भजी! ते तेल इंजिनला थंड नि स्वच्छ ठेवतं, गिअरच्या दात्यांमध्ये गादीसारखं बसतं, आणि शिवाय क्लचच्या चकत्याही त्यातच भिजलेल्या असतात.

खरी मेख या चकत्यांत आहे. क्लच म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या. दांडी दाबली की त्या सुट्या होतात, सोडली की एकमेकींना घट्ट धरून इंजिनची ताकद चाकाकडे पाठवतात. भिजलेल्या असूनही त्यांनी धरायचं असतं बरं का. आता हल्लीच्या मोटारींच्या तेलांत, विशेषतः पेट्रोल वाचवणाऱ्या पातळ तेलांत, घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. मोटारीला ती चांगली. पण आपल्या क्लचला? तेलकट हातानं बरणीचं झाकण उघडून बघा, हात फिरतो नि झाकण जागचं हलत नाही. घाट चढताना आमचं इंजिन ओरडत होतं नि गाडी हलत नव्हती, ते हेच.

ही अडचण जपानी लोकांच्या ध्यानात आधी आली. १९९८ साली त्यांनी मोटारसायकलींच्या तेलासाठी वेगळं प्रमाण ठरवलं. डब्यावर इंग्रजीत 'जे ए एस ओ' अशी चार अक्षरं असतात, त्याला दुकानात 'जासो' म्हणतात. पुढे 'एम ए' असेल तर ते तेल ओल्या क्लचच्या गाडीचं. 'एम ए' मध्येही पुढे १ आणि २ असे दोन वर्ग केले, त्यातलं २ चकत्यांना जास्त चांगलं धरू देतं. आणि 'एम बी' लिहिलेलं असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरसाठी, कारण स्कूटरचा क्लच तेलात नसतो. तुमच्या स्कूटरला ते चालतं, बुलेटला नाही. आमच्या त्या फुकटच्या डब्यावर जासोचं नावही नव्हतं.

आता आकड्यांकडे येऊ. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत १५ डब्ल्यू ५० असं लिहिलंय. हे वाचायला सोपं आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. खोबरेलाची बाटली पौषात कशी थिजते नि वैशाखात पाण्यासारखी होते, ते आठवा. इंजिनचं तेल असं वागून चालत नाही. पहिला आकडा थंडीत ते किती सहज वाहतं हे सांगतो. जितका लहान तितकं थंडीत बरं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर त्यात किती दाटपणा उरतो ते सांगतो. तो जितका मोठा तितका दाटपणा जास्त.

हवेवर थंड होणारं बुलेटचं इंजिन उन्हात, घाटात, दोन माणसं घेऊन चांगलंच तापतं. पाण्यावर थंड होणाऱ्या मोटारीसाठी केलेलं ३० आकड्याचं तेल त्या तापात फार पातळ होतं. मग दात्यांमधली गादी जाते, गिअर कोरडा कोरडा, खट् करून पडतो. पण म्हणून वाटेल तितकं दाट तेल घातलं तरी फजिती. सकाळच्या गारठ्यात दाट तेलामुळे क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहतात, पहिला गिअर टाकताना गाडी दचकते नि सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. पुरणासारखंच आहे, सैलही नको नि घट्टही नको. किती हवं ते ज्यानं गाडी बनवली त्यानं पुस्तिकेत लिहून ठेवलंय, ते सोडून शेजाऱ्याला कशाला विचारायचं?

हे सगळं मी घरी सांगत होते तेव्हा मामंजी झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांची स्वतःची १९८४ सालची बुलेट अजून पडवीत उभी आहे. खाली तेल गळतं म्हणून सासूबाईंनी शहाबादी फरशीवर पुठ्ठा अंथरलेला. ते हसून म्हणाले, "तुमच्या गाडीला एक तेल, माझ्या गाडीला तीन!"

आणि ते खरंच आहे. जुन्या बुलेटमध्ये इंजिन वेगळं, डाव्या बाजूचं क्लच नि चेनचं घर वेगळं, मागे गिअरबॉक्स वेगळा. तिघांची तोंडं वेगळी, तेलं वेगळी. (तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. आमचे 'हे' ती गाडी चालवतात तेव्हा पहिला फर्लांगभर देवाचं नाव घेतात.) रॉयल एनफिल्डनं २००८ पासून इंजिन नि गिअरबॉक्स एकाच अंगात असलेल्या गाड्या आणायला सुरुवात केली, तेव्हापासून तीन तेलांचं हळूहळू एक तेल झालं. तुमच्या घरात जुनी बुलेट असेल तर हा फरक फार महत्त्वाचा आहे. त्या गिअरबॉक्समध्ये क्लच नाही, म्हणून तिथे जासोचा प्रश्न नाही. तिथे गिअर ऑइल लागतं.

मामंजी पूर्वी त्या पेटीत ग्रीस नि तेल मिसळून भरत असत, आता ईपी ९० घालतात. ईपी म्हणजे जबरदस्त दाबाखालीही दात्यांवर टिकून राहणारं. त्याचा ९० हा आकडा बघून "बापरे, ५० च्या दुप्पट दाट!" असं म्हणू नका. मीही म्हटलं होतं. गिअर ऑइलची मोजपट्टीच निराळी आहे. चपलेचा ७ नि ब्लाऊजचा ३६, यांची तुलना कशी करणार? प्रत्यक्षात गिअर ऑइलचं ९० हे तापल्यावर इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या जवळपासच असतं.

एक गोष्ट मात्र मामंजी दुकानदाराला दोनदा विचारून घेतात. 'जी एल ४' आहे की 'जी एल ५'? पाचमध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. पोलादी दात्यांना ती राखतात, पण जुन्या पेटीतल्या ब्राँझच्या बुशांना त्यांतली काही खातात. म्हणून त्यांच्या गाडीला चारच. वय झालं तरी त्यांचा गिअर मुलाच्या गाडीपेक्षा मऊ पडतो, यातच सगळं आलं. अर्थात हे मी घरात मोठ्यानं बोलत नाही.

तेल आणायला मी स्वतः गेले. दुकानदारानं माझ्या मागे बघितलं. "साहेब आले नाहीत?" म्हटलं, साहेब शाळेत मुलीला आणायला गेलेत, मला १५ डब्ल्यू ५०, जासो एम ए २, अर्धसिंथेटिक दाखवा. त्यानं मग मुकाट्यानं तीन डबे पुढे ठेवले. त्यातला एक पूर्ण सिंथेटिक, जवळजवळ दुप्पट भावाचा. "हे घ्या वहिनी, गिअर एकदम स्मूथ." पूर्ण सिंथेटिक वाईट असतं असं नाही. ते तापात जास्त टिकतं. रोज शे-दोनशे किलोमीटर घाटात फिरणाऱ्यानं घ्यावं. पण आमची गाडी आठवड्यात बाजार नि बँक, आणि दोन महिन्यांतून एखादा लांबचा प्रवास. पुस्तिकेत अर्धसिंथेटिक सांगितलंय, मी तेच घेतलं. वाचलेल्या पैशात नवा ऑइल फिल्टर आला.

डब्याचं सील, झाकणाची कडी, तयार केल्याची तारीख बघून घ्या. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देताना सुरीनं भोक पाडूनच द्या. अखंड डब्यात भलतंच तेल भरून पुन्हा विकणारे असतात.

मिस्त्रींनी इंजिन जरा गरम करून जुनं तेल काढलं. गरम तेल गाळासकट बाहेर येतं. मी जवळ उभी होते. "ताई, एकदा बदलून भागणार नाही," ते म्हणाले. चकत्यांत मुरलेलं जुनं तेल एका खेपेत जात नाही. म्हणून तीनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा बदललं. तेव्हा कुठे चढावरचं ओरडणं बंद झालं. चकत्या जळलेल्या असत्या तर नव्या बसवाव्या लागल्या असत्या, आणि मग ते 'फुकट' तेल आम्हाला केवढ्याला पडलं असतं याचा हिशोब मी ह्यांना कागदावर करून दाखवला. दोनदा तेल आणि एक फिल्टर, एवढ्यावर निभावलं.

पण खरं सांगायचं तर, सगळं श्रेय तेलाला देता येत नाही. मिस्त्रींनी क्लचची केबलही बघितली. ती सैल पडली होती. दांडी पूर्ण दाबली तरी चकत्या पुऱ्या सुटत नव्हत्या, म्हणून गिअर दोन खोबणींच्या मधेच राहत होता. दांडीला दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक हवी, त्याहून जास्त नको. मागची चेन लोंबत होती, तीही आवळली. बोटानं वर-खाली करून साधारण इंचभर हलावी, नेमकं माप पुस्तिकेत असतं. आणि तिसरं, मिस्त्री ह्यांच्याकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, गिअर टाकताना पाय अर्धवट मारू नका, शेवटपर्यंत दाबा." घाटातल्या त्या 'खट्' मध्ये पातळ तेल, सैल केबल आणि अर्धवट पाय या तिघांचाही वाटा होता. नुसतं महागाचं तेल ओतून यातलं एकच बरं झालं असतं.

तुम्ही घरी एवढं करू शकता. गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करा, इंजिन जरा वेळ चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा. उजव्या बाजूला इंजिनला एक छोटी काच असते, तिच्यात तेल दोन खुणांच्या मध्ये दिसलं पाहिजे. बाजूच्या स्टँडवर गाडी कललेली असताना बघू नका, चुकीचं दिसतं. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, ते काळं होणारच. पण कमी झालं असेल तर सांगा. आणि शेवटचं तेल कधी, किती किलोमीटरला बदललं ते दुधाच्या हिशोबाशेजारीच लिहून ठेवा. गिअरच्या दात्यांत भरडून भरडून तेलाचा दाटपणा कमी होत जातो. पूर्वी मऊ पडणारा गिअर खटकायला लागला तर पहिल्यांदा ती तारीख बघायची. पुस्तिकेतले किलोमीटर नाहीतर महिने, जे आधी भरतील तेव्हा तेल बदला. लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र बदलू नका. आठवडाभर आधी बदला, म्हणजे गळती वगैरे असेल तर गावातच कळते.

आणि हो, तुमच्या स्वतःच्या स्कूटरलाही मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल असतं, बरं का! जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलिटर. इंजिनचं तेल बदलताना गॅरेजवाले ते पुष्कळदा विसरतात, आणि आपण विचारत नाही. मी विचारलं. चार वर्षांत ते एकदाही बदललेलं नव्हतं.

जुनं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, गॅरेजमध्ये परत द्या. वाळवीसाठी म्हणून दारा-खिडक्यांना फासायची काहींना सवय असते. तेही नको, ते कातडीला चांगलं नाही. सासूबाईंना हे पटायला दोन दिवस लागले.

राहिला माझ्या साडीचा डाग. तेल काढताना जवळ उभं राहायची हौस मला नडली. पदराला काळा ठिपका पडला. लगेच पाण्यात घातला असता तर पसरला असता. मी त्यावर अंगाची टाल्कम पावडर दाबून बसवली, तासाभरानं झटकली, पुन्हा बसवली. मग भांडी घासायचा पातळ साबण थेंबभर चोळून कोमट पाण्यात धुतला. सुती साडीवर नव्वद टक्के गेला. रेशमी असेल तर घरी खटपट करू नका, धोब्याकडे द्या आणि डाग कशाचा आहे ते त्याला नक्की सांगा.